राहुरी ते हरेगाव: मतमाउलीच्या वाटेवर

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी दर वर्षी सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याआधी नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, चालते आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबे मिळेल त्या वाहनाने किंवा पायी येऊन पोहोचतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर उरलेले आयुष्य कशासाठी, हा प्रश्न मला सतावत होता, आणि त्याच सुमारास राहुरीहून पायी निघालेल्या एका गटात मी सामील झालो.

राहुरी फॅक्टरी आणि देवळाली प्रवरा मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना उसाची रानेच होती. शनिवार असल्यामुळे रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, आनंदाची रहस्ये (येशू आणि मरिया यांच्या जीवनातील चिंतनाचे प्रसंग) होती. दुसरे रहस्य मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचे, आणि चालताना ते म्हणण्यात मला विशेष औचित्य वाटले, कारण लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे देवदूताचा एवढा मोठा निरोप मिळाल्यावर मरिया प्रथम काय करते, तर उठून घाईने यहूदाच्या डोंगराळ भागातील वृद्ध, गरोदर नातेवाईक स्त्रीच्या घरी जाते आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहते. त्या तीन महिन्यांविषयी शास्त्र काहीच सांगत नाही. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक यांतच ते गेले असावेत, असे मी समजतो.

जीवनाच्या हेतूवर हल्ली जी प्रवचने ऐकू येतात, त्यांत हेतू म्हणजे काहीतरी भव्य कामगिरी असल्याचा सूर असतो, तो मला पटत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची मांडणी अधिक खरी वाटते: देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी माणूस निर्माण झाला आहे, आणि इतर साऱ्या गोष्टी या कामी जितक्या उपयोगी पडतील तितक्याच घ्याव्यात, आड येतील तितक्या सोडाव्यात. यात पद, वय किंवा निवृत्ती यांचा प्रश्नच उरत नाही.

(राहुरीत काही काळ काम केलेले रेव्हरंड ना. वा. टिळक हे प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक; तरीही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणणाऱ्या आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडणाऱ्या त्या माणसाची आठवण या रस्त्यावर मला झाली.)

बेलापूरला प्रवरा ओलांडताना माझ्या बरोबरीने एक ऊसतोड करणाऱ्या बाई अनवाणी चालत होत्या. “नवस का ताई?” मी विचारले. “नवस नाही हो गुरुजी. सासूबाई दोन वर्सं अंथरुणावर हायेत. त्यांच्या नावानं चालते, त्यांना येता येत न्हाई म्हणून,” त्या म्हणाल्या. मी ज्या प्रश्नाला इतके दिवस शब्द शोधत होतो, तो त्यांना पडलेलाही दिसत नव्हता.

हरेगावात मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) संपल्यावर गर्दी मतमाउलीच्या दर्शनाच्या रांगेकडे वळली. बाईंनी मेणबत्ती लावली, प्रसादाची पुडी पदराच्या गाठीला बांधली आणि संध्याकाळी सासूबाईंची पट्टी बदलायची असल्यामुळे जेवणासाठी न थांबता श्रीरामपूरकडे जाणारी गाडी धरली. त्यांच्या गावाचे नाव मी विचारून घेतले, आणि पुढच्या आठवड्यात मदतीला येऊ का, हेही.