‘फार चालवलेलीच नाही’

"वीस वर्षांत जेमतेम चालवलीय, गॅरेजमध्येच असते." 2002 च्या पोर्शे 911 कॅरेराच्या जाहिरातीत हे वाक्य सगळ्यात वर. तेच खटकलं.

911 च्या या पिढीला पोर्शेच्या भाषेत 996 म्हणतात. तिच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो, म्हणजे इंजिनाची गती चेनमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेणारा दांडा. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग असतं. सील जुनं झालं की ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि मग तेच शिळं ऑइल तिथे अडकून राहतं. उभ्या गाडीला त्याचा जास्तच त्रास. बेअरिंग गेलं की चेनचं टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन संपलं.

तेव्हा मीटरचा आकडा राहू द्या, आधी ऑइल फिल्टर उघडायला लावा. कागदाच्या घड्या पसरून त्यावरून चुंबक फिरवा. तपकिरी प्लास्टिकचे कण बहुधा चेनच्या गाइडचे. पण चुंबकाला चिकटणारा चमकदार चुरा दिसला तर भाव करत बसू नका, सरळ घरी जा.

आणि क्लचचं बिल मागा. हे बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून शहाणा मालक दोन्ही कामं एकदमच उरकतो. क्लच नवा आणि बेअरिंग जुनंच? का बरं?

(याच 996 च्या टर्बो आणि जीटी3 मॉडेलवाल्यांनी निवांत झोपावं, त्यांचं इंजिनच वेगळं.)