बालवर्गासाठी खोली मिळाली हो, पण गेटचं काय? – माझा अनुभव

आमच्या मुलांच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीच्या आधीचा बालवर्ग सुरू करायचं ठरलं आणि पालकांतर्फे मी जागेच्या कमिटीत अडकले. अडकले म्हणजे काय, नकाशा वाचता येतो असं एकदा बोलून गेले, मग सुटका नव्हती. सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच, दोन खोल्या रिकाम्या आहेत, रंग मारायचा, छोट्या खुर्च्या आणायच्या, झालं काम. मुख्याध्यापिका मॅडम पहिल्याच मीटिंगला म्हणाल्या, अहो १८७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला सुझन ब्लो नावाच्या बाईंनी सरकारी शाळेत बालवर्ग काढला, आपल्याला आत्ता काय अवघड आहे? मुद्दा बरोबर होता, फक्त १८७३ मध्ये पोरांना सोडायला गाड्यांची रांग लागत नव्हती.

आधी खोल्यांचं सांगते. "रिकामी खोली" हा प्रकार कुठल्याच शाळेत नसतो असं माझं आता ठाम मत आहे. एका खोलीत मोडके बाक, दुसरी थेट वरच्या मजल्यावर आणि तिथे संगीताचा तास. वरची खोली लगेच बाद झाली, कारण चार-पाच वर्षांची पोरं जिना उतरताना एकेक पायरी दोन पाय ठेवून उतरतात, आग लागली तर ती स्वतः अडकतातच पण मागून येणारी मोठी मुलंही अडकतात. अमेरिकेत एनएफपीए १०१ म्हणून इमारतींसाठी आगीपासून बचावाचे जे नियम आहेत त्यातसुद्धा बालवर्ग आणि पहिली, काही अपवाद सोडले तर, थेट बाहेर पडता येईल त्याच मजल्यावर ठेवायला सांगितलंय.

मग क्षेत्रफळ. आमचा वर्ग २० बाय २५, म्हणजे ५०० चौरस फूट. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांसाठी माणशी ३५ चौरस फूट मोकळी जागा धरतात, त्या हिशोबाने १४ मुलं. इंग्लंडचा नियम ३ ते ५ वयासाठी माणशी २.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण २५ चौरस फूट, त्याने २० मुलं. आणि हे कपाटं वगैरे धरून नाही हं, पोरांना प्रत्यक्ष वापरता येईल ती जागा. कागदावर मात्र प्रत्येक वर्गात ३० मुलं लिहिलेली होती, कारण वरच्या वर्गांचा पट तेवढा आहे. बाकावर बसणाऱ्या मुलाला आणि जमिनीवर लोळून ठोकळे रचणाऱ्या मुलाला सारखीच जागा लागते असं धरलेलं. त्यावर बरीच वादावादी झाली, शेवटी २० वर आलो.

पण खोली खरी ठरवली ती संडासाने! मोठ्यांचं कमोड साधारण १५ ते १९ इंच उंच असतं, ३-४ वर्षांच्या मुलांना ११ ते १२ इंच लागतं, ५ ते ८ वर्षांच्यांना १२ ते १५. आणि उंचीपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे घेऊन कोण जाणार. संडास कॉरिडॉरच्या टोकाला असेल तर एका पोराला न्यायला बाई गेल्या की बाकीची १९ मागे मदतनिसाच्या हवाली, आणि मदतनीस त्या दिवशी रजेवर असेल तर कुणाच्याच नाही. म्हणजे वर्गाला लागूनच हवा. म्हणजे जिथे आधीपासून पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन आहे त्या भिंतीला टेकलेली खोलीच घ्यायची, नाहीतर अख्खी फरशी फोडा. अशी तळमजल्यावर एकच, आणि तिथे लायब्ररी. लायब्ररी वर हलवू म्हटलं तर इंजिनिअर म्हणाले थांबा, वर्गाची फरशी साधारण चौरस फुटाला ४० पौंड धरून डिझाइन करतात, पुस्तकांच्या रॅकला १५०. मग लायब्ररी तळमजल्यावरच तिसरीच्या वर्गात, तिसरी वर, वरचं संगीत खाली मोडक्या बाकांच्या खोलीत आणि बाक एकदाचे भंगारात. एका बालवर्गासाठी निम्मी शाळा इकडची तिकडे झाली.

आता गेट. इथे खरी गंमत आहे आणि याच्याबद्दल प्लॅनमध्ये एक ओळ होती, "वाहतुकीवर विशेष परिणाम नाही". कुणी लिहिली देव जाणे. हिशोब असा केला होता की शाळेत इतकी शे मुलं, त्यात दोन बालवर्गांची मिळून ४० वाढली तर काय बिघडतं. पण चौथीतला मुलगा गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून पळतो, आणि बालवर्गातलं पोर? सीटचा पट्टा काढा, एक बूट निघालेला असतो तो शोधा, दप्तर अडकवा, हात धरून वर्गापर्यंत न्या, ते रडतं, बाई त्याला घेतात, मग आई परत येते आणि गाडीत बसून दोन मिनिटं स्वतः शांत होते. मी घड्याळ लावून बघितलंय, पाच मिनिटं सहज.

आता हे बघा. १५ मिनिटांत ४० गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडी १ मिनिट थांबली तर एका वेळी सरासरी तीनच गाड्या उभ्या असतात. तीच गाडी ५ मिनिटं थांबली तर तेरा. एका गाडीला मागची-पुढची फट धरून साडेसहा मीटर लावा, की पहिल्या हिशोबात २० मीटर रस्ता पुरतो आणि दुसऱ्यात ८५ च्या आसपास. गाड्या त्याच, पोरं तीच, फक्त थांबायची वेळ वेगळी. आमच्या फुटपाथला गेटपासून कोपऱ्यापर्यंत ६० मीटर आहेत, उरलेल्या गाड्या चौकात! आणि ही सरासरी आहे, निम्मी जनता शेवटच्या पाच मिनिटांतच उगवते. हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर मीटिंगमध्ये पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

त्यात वॉचमन काका मला म्हणाले, "ताई, सकाळी काय मोजता, सुटताना या." गेले. सकाळी निदान गाड्या येतात आणि जातात, सुटताना लोक वीस मिनिटं आधीच येऊन जागा धरतात आणि पोर येईपर्यंत हलतच नाहीत, म्हणजे मोकळी जागा घंटा व्हायच्या आधीच संपलेली. मग मागून आलेले दुसऱ्या रांगेत उभे राहतात आणि पोरं दोन गाड्यांच्या फटीतून पळत येतात. एक मीटर उंचीचं पोर उंच गाडीच्या बॉनेटमागे दिसतच नाही, आणि त्या वयाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाजही नसतो. म्हणून गेटसमोर रिव्हर्स घ्यायचा नाही हा एक नियम मी हट्टाने लिहून घेतला, बाकी काहीही सोडा म्हटलं.

शेवटी जे ठरलं ते असं. बालवर्गाला वेगळं बाजूचं गेट, तिथे मदतनीस उभ्या राहणार आणि मूल तिथेच त्यांच्या ताब्यात द्यायचं, पालकांनी आत जायचं नाही. पण पहिल्या आठवड्यात पोर असं कुणाच्याही हातात देता येत नाही, म्हणून प्रवेश टप्प्याटप्प्याने, रोज थोडी मुलं नवीन, त्यांचे आईबाप आत येतील आणि गाडी लांब लावून चालत येतील. गाडीचं दार फुटपाथच्या बाजूलाच उघडायचं. सामानाचा टेम्पो शाळा भरताना-सुटताना नाही.

बालवर्गाच्या आणि बाकी शाळेच्या वेळा मागेपुढे करायच्या का यावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली. कागदावर अर्ध्या तासाचं अंतर छान दिसतं, पण ज्यांची दोन मुलं आहेत ते काय करतात? ते अर्धा तास तिथेच गाडीत बसून राहतात. आम्ही साधा फॉर्म फिरवला तर नव्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे दादा-ताई आधीच शाळेत आहेत असं निघालं, म्हणजे त्या गाड्या नव्या नाहीतच, त्याच गाड्या आता जास्त वेळ थांबणार. मग अंतर दहा मिनिटांवर आणलं, आणि सकाळी मोठं भावंड लहानाबरोबर लवकर आलं तर त्याने लायब्ररीत बसायचं. लायब्ररी तळमजल्यावर राहिली ते इथे कामी आलं.

सध्या एकाच वर्गाला मंजुरी आहे, दुसरा पुढच्या वर्षी. मधल्या काळात गेटवर परत मोजणी करायची आणि रांग चौकापर्यंत गेली तर दुसरा वर्ग थांबवायचा, हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, तोंडी नाही. अजून लटकलेला विषय म्हणजे शिक्षकांच्या गाड्या, कारण बाजूच्या गेटसमोर आत्ता त्याच लागतात आणि तो विषय काढला की मीटिंग तिथेच संपते.