खाऱ्या पाण्याची बॅटरी आणि सतरा तडकलेल्या चकत्या

३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी हर्णैला घरीच होते. निसर्ग वादळ गेलं आणि पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. शेजारच्यांचं सोलर पॅनल नशिबानं वाचलं होतं, पण त्याची बॅटरी खारं पाणी शिरून कामातून गेली होती. दिवसभर रणरणतं ऊन आणि रात्री मेणबत्ती! मुंबईला परतल्यावर संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी समुद्राच्या पाण्यावर चालणारी बॅटरी मागून घेतली.

तात्यांची होडी आहे. ते म्हणाले, "खारं पाणी लागलं की बॅटरी मरते गो, आणि तू ती पाण्यातच बुडवणार?"

कल्पना तशी साधी. एक किलो समुद्राच्या पाण्यात जवळपास ११ ग्रॅम सोडियम असतं. चार्ज करताना ते पाण्यातून आत ओढून कार्बनमध्ये साठवायचं, आणि वीज हवी तेव्हा परत पाण्यात सोडायचं. सोडताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उपयोगी पडतो. दक्षिण कोरियात उल्सानच्या युनिस्ट संस्थेत यावर बरंच काम झालंय. अडचण एवढीच, की आत साठलेल्या सोडियमला पाण्याचा थेंबही चालत नाही. म्हणून मधे अशी भिंत हवी जी सोडियमचे आयन जाऊ देईल, पण पाणी अडवेल. ती भिंत म्हणजे नॅसिकॉन नावाची सिरॅमिक, गुडइनफ आणि हाँग या शास्त्रज्ञांनी १९७६ साली शोधलेली.

माझं वर्ष खाल्लं ते याच भिंतीनं. सोडियम कार्बोनेट, झिर्कोनिया, सिलिका आणि अमोनियमचं फॉस्फेट दळायचं, भाजायचं, पुन्हा दळायचं, दाबून चकती करायची आणि १२०० अंशांच्या वर भट्टीत ठेवायची. पहिला घाणा पापडासारखा वाकला. दुसरा दिसायला सुरेख निघाला, पण एक्स-रे काढला तर आत नॅसिकॉनमध्ये न मिसळलेला, सुटा झिर्कोनिया. एवढ्या तापमानाला सोडियम आणि फॉस्फरस उडून जातात, हे वाचलेलं होतं, पण पटलं ते तेव्हा. मग दोन्ही थोडे जास्त घातले, चकती तिच्याच भुकटीत पुरून भाजली. तरी तडे जातच होते. भट्टी थंड करायची मला घाई व्हायची, हे खरं कारण. सतरा चकत्या फुटल्यावर अठरावी मी शुक्रवारी भट्टीत ठेवली, मिनिटाला एक अंशानं उतरायला लावली आणि गावी निघून गेले. ती शाबूत निघाली.

सेल जोडणं, दमट हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायूच्या बंद पेटीत हात घालून इपॉक्सीचा गोंद लावणं, ते एका आठवड्यात झालं.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या मिठाच्या पाण्यात सेल शहाण्यासारखा वागला. हर्णैच्या जेटीवरून कॅन भरून आणलेल्या पाण्यात मात्र तीन आठवड्यांत पाण्याच्या बाजूच्या कार्बनच्या फेल्टवर, म्हणजे नमद्यासारख्या कापडावर, शेवाळाचा बुळबुळीत थर आला, आणि त्याच्या आत पांढरी पूड. डिस्चार्जला पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मॅग्नेशियम तिथेच साका धरतं. चार्जला साधारण ३.९ व्होल्ट, परत मिळताना २.६. म्हणजे रुपयातला तिसरा हिस्सा वाटेतच गळतो. तरी लिथियम नाही, कोबाल्ट नाही, आणि बाहेरचं अर्धं अंग समुद्र फुकट देतो. होडीवर नसली, तरी किनाऱ्यावरच्या सोलरला ही जोड चालेल, असं मला वाटतं.

गणपतीत सेल घरी नेला. टबात बुडवून एक लाल एलईडी लावला. पांढरा लागत नाही, त्याला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात. तात्या बराच वेळ बघत बसले.

"होडीचा डाव्या अंगाचा दिवा झाला," ते म्हणाले. "उजव्या अंगाचा हिरवा कधी?"

झगझगीत हिरव्यालाही तीन व्होल्ट, म्हणजे दुसरा सेल. आणि दोन्ही एकाच टबात ठेवून ओळीनं जोडता येत नाहीत, मधलं पाणीच वीज खातं. म्हणून टबही दुसरा. एकोणिसावी चकती सध्या भट्टीत आहे.