सांगाडा घ्या, कव्हर कपाटात ठेवा

ऑनलाइन मिळतं ते चार कप्प्यांचं, चेनच्या पारदर्शक कव्हरचं रोपांचं ग्रीनहाऊस घ्यावं का, असं सोसायटीत मला वरचेवर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: सांगाडा घ्या, कव्हर कपाटात ठेवा. ती वस्तू थंड देशांसाठी बेतलेली. प्लास्टिकमधून ऊन आत येतं, तापलेली हवा मात्र आतच कोंडते. लंडनच्या मार्चमध्ये तेच हवं असतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा आधीच ३८-४० वर, आणि टोमॅटोची फुलं ३५ च्या पुढे गळायला लागतात. आणखी ऊब कुणाला हवीय?

आमच्या सिंहगड रोडच्या गच्चीत पीव्हीसी पाइपचा सांगाडा आहे, सहा फूट बाय चार. त्याचं छप्पर ऋतूप्रमाणे बदलतं. होळीनंतर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट. मृगाच्या आत ती उतरवून २०० मायक्रॉन जाडीचा यूव्ही कागद, म्हणजे उन्हात लवकर न विरणारं प्लास्टिक, तळेगावकडे गुलाब-जरबेराच्या पॉलिहाऊसवर असतो तसला. कागदाला उतार हवाच, नाहीतर पाणी साचून त्याला पोट सुटतं. बाजूंना फक्त ४० मेशची इन्सेक्ट नेट, म्हणजे कीड अडवणारी बारीक जाळी. सासूबाई म्हणतात, "तुझी मच्छरदाणी." म्हणोत बापड्या, कोथिंबीर तिथलीच लागते त्यांना!

खरी कमाई म्हणजे ही श्रावणातली कोथिंबीर. पावसाच्या माऱ्याने कोवळी रोपं आडवी होतात, मुळं कुजतात, आणि मंडईत जुडीचा भाव कडाडतो. कागदाखाली पाणी किती द्यायचं ते आपल्या हातात. किराण्यातलेच धने घ्यायचे, पण अख्खे पेरायचे नाहीत, रगडून दोन फाका करायच्या. सासूबाई गावाकडे जुन्या चपलेने रगडायच्या, मी लाटणं फिरवते. रात्रभर भिजवून क्रेटमध्ये पेरायचे, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत. नुसती माती भरली की क्रेट जड होतो आणि सेक्रेटरींना स्लॅबची काळजी लागते. आठ-दहा दिवसांत अंकुर, महिना-सव्वा महिन्यात कापणी. उपटू नका, कात्रीने वरून कापा, परत फुटते.

हिवाळ्यात आमच्याकडे फारसं काही करावं लागत नाही.

वाऱ्याचं मात्र बघा. मे महिन्यातला वळीव शेडनेटसकट सांगाडा उचलतो, म्हणून चारही पाय कठड्याला नायलॉनच्या दोरीने आवळलेले असतात.

जाळीने कीड बरीच अडते, पण मधमाशीही अडते. टोमॅटोचं भागतं, त्याच्या एकाच फुलात सगळं असतं. सकाळी दहाच्या सुमारास झुबक्याला टिचकी मारली की पराग झडतो आणि फळ धरतं. काकडी आत लावू नका. तिची नर-मादी फुलं वेगळी, आणि रोज सकाळी ब्रश घेऊन त्यांची लग्नं लावत बसायला मला ऑफिस आहे. ती बाहेर कठड्यावर चढलेलीच बरी.