लो विंगला 'बोथ' नकोच

अंबडच्या वर्कशॉपमध्ये सध्या एकच विषय चालूय, दोन सीटचं लो विंग (पंख खाली असलेलं) विमान, रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन, दोन्ही पंखांत टाकी, आणि बाकी मंडळींचं म्हणणं की सिलेक्टरला (पेट्रोल कोणत्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा नॉब) लेफ्ट-राइटसोबत 'बोथ', म्हणजे दोन्ही टाक्या एकदम, पण ठेवू म्हणजे पायलटला बघायलाच नको. माझा याला ठाम विरोध आहे.

सेसना १७२ ला बोथ चालतं कारण पंख वर आहे, पेट्रोल आपोआप खाली येतं. लो विंगमध्ये टाकी खाली, पंपाला ओढावं लागतं. मग एक टाकी आधी संपली की पंप तिकडून हवा ओढणार, हवा ओढायला सोपी, आणि दुसरीकडे २० लिटर पडलेले असतानाही इंजिन बंद.

दोन्ही टाक्या सारख्या संपतील हा भ्रम आहे, खरा खेळ व्हेंटचा, म्हणजे टाकीत हवा आत घेणाऱ्या नळीचा असतो. ताशी १८० किमीला समोरच्या हवेचा दाब साधारण १५०० पास्कल, म्हणजे पेट्रोलचा २० सेंमी उंच स्तंभ! एका व्हेंटचं तोंड जरा तिरकं झालं किंवा कुंभारीण माशीने आत घर केलं की दोन टाक्यांतला दाब वेगळा, संपलंच. व्हेंटला जाळी हवीच, आणि तोंड बुजलं तर हवा यायला मागे एक बारीक भोकही.

ओझरला एचएएलमध्ये सुखोईवर काम केलेले एक काका येतात आमच्याकडे, त्यांनी ड्रॉइंग बघून पहिलं हेच विचारलं, "अरे, रिटर्नचं पेट्रोल कुठे जातंय?" अगदी बरोबर प्रश्न. रोटॅक्सची रिटर्न लाइन (इंजिनाला न लागलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारा पाइप) कायम डाव्या टाकीत सोडली आणि ओढतोय उजवीतून, तर भरलेली डावी व्हेंटमधून बाहेर सांडत राहणार. म्हणून ड्युप्लेक्स व्हॉल्व्ह, फीड (इंजिनाकडे जाणारं पेट्रोल) आणि रिटर्न एकाच नॉबवर.

आणि तो नॉब हाताशी पाहिजे, डोळ्यांसमोर. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझेड हे छोटं विमान उडवताना कॅलिफोर्नियात समुद्रात पडून गेले, त्या विमानात सिलेक्टर मूळ प्लॅनमधल्या जागी नव्हता, पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. हे वाचल्यापासून मी जागेवर अजिबात तडजोड करत नाही.

आपल्याकडे पेट्रोल पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, रोटॅक्सची परवानगी ई१० पर्यंतच, वर इथेनॉल पाणी धरतं आणि काही इपॉक्सी टाक्यांचं रेझिन मऊ करतं, तेव्हा ते बादच. आणि नाशिकचा मे महिना बघता इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला ठेवा, लांबून ओढलं की दाब पडतो आणि गरम पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते.

टाकी काठोकाठ नका भरू, २ टक्के जागा सोडा. थंडीत पहाटे भरलेलं ५० लिटर दुपारी २० अंश तापलं तर जवळपास १ लिटर वाढतं.

उडायच्या आधी जमिनीवर फ्लो टेस्ट. नाक चढाईच्या कोनात उचलायचं, थोडंसंच पेट्रोल घालायचं आणि कार्बोरेटरजवळ पाइप सोडून मोजायचं. टेकऑफला हे इंजिन ताशी २७ लिटर खातं, पंपाच्या सिस्टीमला त्याच्या १२५ टक्के धरतात, म्हणजे ३४ च्या आसपास यायला हवं, आणि प्रत्येक टाकीचं वेगळं. धार तुटली त्या क्षणी टाकीत जे उरलं ते वापरता न येणारं, गेजचा शून्य तिथे.