उंबऱ्याला पाणी कधी लागतं?

जुलै २०२१. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेलेली पंचगंगा उतरली होती आणि शुक्रवार पेठेत घरोघरी गाळ उपसणं चाललं होतं. पूरखुणा घ्यायच्या त्या याच दोन-तीन दिवसांत. भिंत धुतली की खूण गेली.

एका घरात आजींनी छातीच्या वर हात टेकवला. "हितवर आलतं बघा." तो ओलीचा पट्टा होता. जुनी विटांची भिंत पाणी शोषते आणि ओल खऱ्या पातळीच्या फूटभर वर चढते. खाली गाळाच्या चार रेषा होत्या. त्यातली जाड रेष हमखास फसवते. उतरताना पाणी जिथे रेंगाळतं तिथे ती उमटते. पुराच्या माथ्याची रेष पुसट असते. ती भिंतीतल्या कपाटाच्या काचेवर सापडली, नखाच्या कडेइतकी बारीक. उंबऱ्यापासून बरोबर चार फूट.

तिथून बेंचमार्कपर्यंत, म्हणजे उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेपर्यंत, लेव्हलच्या दुर्बिणीने उंची मोजत नेऊन परत आणली. ये-जा मिळून अर्धा किलोमीटर, म्हणजे जाता-येतानाच्या मोजणीतला फरक साडेआठ मिलिमीटरच्या आत हवा. निघाला चार सेंटीमीटर! स्टाफचा, म्हणजे उंची वाचायच्या मोजकाठीचा, वरचा टप्पा ओढताना खटका बसला नव्हता, टप्पा खाली सरकला होता. सगळी वाचनं पुन्हा घेतली.

५६ मधून चार गेले, म्हणजे बंधाऱ्यावर ५२ फूट झाले की उंबऱ्याला पाणी. पण एवढ्यावर विसंबू नये. बंधारा पेठेच्या खालच्या अंगाला आहे आणि पाणी चढत असताना मधला उतार माथ्याच्या वेळेसारखा नसतो. शेजारच्या मुलाच्या मोबाइलमध्ये उंबऱ्याला टेकलेल्या पाण्याचा फोटो होता. फोटोची वेळ आणि त्या तासाची बंधाऱ्यावरची नोंद जुळवली, तर आकडा आला साडेएक्कावन्न. अशा वेळी कमी आकडाच धरायचा.

खरी अडचण मात्र गल्लीच्या तोंडाशी होती. तिथला रस्ता उंबऱ्यापेक्षा साडेतीन फुटांनी खोल. म्हणजे ४८ फुटांना घर कोरडं असतं आणि वाट बंद झालेली असते. इशारा ३९ ला, धोका ४३ ला. दोन्ही आकडे इथे पाठ आहेत. पण ४३ ओलांडूनही अंगणात पाणी दिसत नाही, म्हणून लोक थांबतात आणि मग म्हाताऱ्या माणसांना बोटीतून काढावं लागतं.

"मग आमी कवा निघायचं?" आजींनी विचारलं.

"४५ झालं की निघा, आजी. उजेड असतानाच."

मीटरच्या पेटीखाली ऑइलपेंटने दोन आकडे लिहिले: घर ५१॥, वाट ४८. आजींनी तिसरा लिहून घेतला, ४५, सगळ्यांत मोठा.