डाव्या इंजिनाचे हरवलेले व्होल्ट

रेवदंड्याच्या खाडीत आमची भागीदारीतली फायबरची प्रवासी बोट आहे. तिला दोन डिझेल इंजिने असून प्रत्येकाची बारा व्होल्टची बॅटरी स्वतंत्र आहे. पावसाळाभर शाकारून ठेवलेली ही बोट पाण्यात उतरवली तेव्हा उजवे इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले. डाव्याने मात्र नुसता ‘कट्’ असा आवाज करून दाद देणे बंद केले. दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणारा स्विच फिरवला की तेच डावे इंजिन कण्हत, रखडत का होईना सुरू होई. त्यामुळे डावी बॅटरी कमजोर झाली असल्याचे निदान जेटीवर एकमताने ठरले. नवी बॅटरी बसवली, तरी ‘कट्’ कायम राहिला. नंतर आलेल्या मेस्त्रींनी सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेर देणारी मोटर, जळाल्याचे सांगितले आणि पाना हातात घेतला.

माझी नोकरी कारखान्याच्या वीजदेखभाल विभागातली असल्यामुळे मोजमाप केल्याशिवाय काही उतरवू देण्यास मन तयार होईना. शिवाय दोन इंजिनांच्या बोटीत एक मोठी सोय असते: बिघडलेल्या इंजिनाचे आकडे कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न पडत नाही, कारण तसेच दुसरे इंजिन हातभर अंतरावर धडधाकट उभे असते. उजव्या इंजिनाचा स्टॉप ओढून धरला, म्हणजे ते फिरेल पण सुरू होणार नाही, आणि तांडेलाला काही क्षण किल्ली दाबून ठेवायला सांगितली. बॅटरीच्या टोकांवरचे १२.७ व्होल्ट त्या वेळी १०.६ पर्यंत उतरले. डाव्या बाजूला हेच केले तर बॅटरी १२.२ वर जवळपास ढिम्म राहिली. एवढ्यावरूनच बॅटरी निर्दोष ठरली. सेल्फ आतून शॉर्ट झाला असता किंवा अडकून बसला असता, तर त्याने भरपूर करंट ओढून बॅटरीला खाली खेचले असते. येथे करंट पुरेसा वाहतच नव्हता, म्हणजे वाटेत कोठेतरी अडथळा होता.

तो शोधण्याची रीत साधी आहे, पण मोजणी किल्ली दाबलेली असतानाच करावी लागते. करंट वाहत नसेल तर कुजलेली केबलसुद्धा मीटरला ठणठणीत दिसते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मुख्य बोल्टपर्यंत ०.३ व्होल्ट पडत होते, ते चालण्यासारखे होते. बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये जेमतेम ६.१ व्होल्ट मिळत होते. उरलेले ५.८ व्होल्ट इंजिनाच्या ब्लॉकपासून, म्हणजे सेल्फ ज्यावर बसतो त्या धातूच्या मुख्य धडापासून, बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या वाटेत हरवत होते; उजव्या इंजिनावर त्याच जागी ०.२ होते.

मग आधीच्या काही विचित्र गोष्टींचाही उलगडा झाला. डाव्या इंजिनाला किल्ली मारताच त्याच्या मीटरचे काटे भलतीकडे जात, कारण तापमान आणि ऑइलचे सेन्सर निगेटिव्ह ब्लॉकमधूनच घेतात. स्विच ‘दोन्ही’वर असताना गिअरची केबल हाताला गरम लागे, याकडे मात्र कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. डाव्या ब्लॉकमधून परतणाऱ्या करंटला स्वतःची निगेटिव्ह केबल बंद झाल्यामुळे तो गिअर आणि थ्रॉटलच्या पोलादी केबलींतून सुकाणूजवळच्या लिव्हरपर्यंत, तेथून उजव्या इंजिनाच्या केबलींत आणि शेवटी उजव्या बॅटरीत जात होता. बॅटऱ्या जोडल्यावर इंजिन रखडत सुरू होण्यामागे ही आडवाट होती, अधिकची ताकद हे कारण नव्हते. माझ्या मते हाच या बिघाडाचा सर्वांत धोकादायक भाग होता, कारण अशा केबलींचे प्लॅस्टिक वितळून गिअर अडकू शकतो, आणि तो बंदरातच अडकेल असे नाही.

निगेटिव्ह केबल वरून नवीकोरी दिसत होती. थिंबलवरचे, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरचे, आवरण कापल्यावर आतली तार काळीठिक्कर निघाली. वीतभर मागे कापत गेलो तरी चकाकी दिसेना. साध्या तांब्याच्या बारीक तारांमध्ये खारे पाणी टोकाकडून आत ओढले जाते. म्हणून नवी केबल कल्हई केलेल्या तांब्याची, ७० चौरस मिलिमीटरची घेतली. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवली. त्याच जाडीची आणखी एक केबल दोन्ही इंजिनांच्या ब्लॉकमध्ये टाकली. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात अशी जोडणी सांगितलेली आहे, आणि तिची जाडी कमी ठेवून चालत नाही, कारण एक निगेटिव्ह गेल्यास सेल्फचा सगळा भार तिच्यावर येतो.

यानंतर इंजिन जोमाने फिरू लागले, पण कधीकधी किल्ली मारूनही संपूर्ण शांतता असे, ‘कट्’देखील नाही. हा दोष वेगळा होता आणि किल्लीच्या बारीक वायरीत होता. सोलेनॉइडच्या, म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फला मुख्य करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचच्या, लहान टोकावर उजवीकडे ११.२ व्होल्ट येत, डावीकडे आठाच्या आसपास. वायर किल्लीपासून न्यूट्रल स्विचमधून आणि इंजिनावरच्या अनेक पिनांच्या प्लगमधून येते. न्यूट्रल स्विच बायपास करण्याचा सल्ला लगेच मिळाला, तो मी साफ नाकारला. गिअरमध्ये असलेले इंजिन जेटीला लागून सुरू होऊ नये म्हणूनच तो स्विच असतो. प्लग उघडल्यावर एका पिनेवर हिरवा गंज चढलेला आढळला. ती पिन बदलली आणि प्लगचे तोंड, पाणी आत साचू नये म्हणून, खालच्या दिशेला वळवून बांधले.

डिझेलच्या लाइनमध्ये थोडी हवा धरली होती, ती काढणे हे नेहमीचेच काम होते. आता किल्ली दाबलेल्या स्थितीतले दोन्ही इंजिनांचे आकडे एका कार्डावर लिहून ते इंजिनाच्या झाकणाला आतून चिकटवले आहे. दिवाळीनंतर पुन्हा मोजले तेव्हा डावी निगेटिव्ह ०.१५ वर स्थिर होती, उजवी मात्र ०.२ वरून ०.४ वर सरकलेली दिसली. तीही जुन्या, साध्या तांब्याचीच असल्याने तिची नवी केबल मागवली आहे आणि गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी ती बसवून घेणार आहोत.